खाणीतल्या मोठ्या एक्सकॅव्हेटरची चेन टिकवायची कशी

वणी, माजरी, घुग्घुस, राजुरा, उमरेड या पट्ट्यातल्या खुल्या कोळसा खाणींत दरवर्षी आयटीआय झालेली पोरं ओबीच्या, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढण्याच्या, कामावर लागतात. कुणी ट्रेनी ऑपरेटर, कुणी फिटरचा हेल्पर. सुरुवातीला सगळ्यांची नजर बकेटवर आणि इंजिनवर असते. चेनीकडे लक्ष जातं ते चेन उतरली की. शंभर टनांच्या वरच्या मशीनची चेन फेसवर, म्हणजे खणणं चालू असलेल्या कडेशी, उतरली तर एक शिफ्ट तर गेलीच, आणि डंपर रांगेत उभे राहतात ते वेगळं.

पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की धरा. एक्सकॅव्हेटरची चेन खणण्याने थोडी आणि चालण्याने फार झिजते. डोझरचं तसं नसतं, त्याचं कामच चालण्याचं. एक्सकॅव्हेटरने एका जागी उभं राहून भरायचं असतं. म्हणून चेनीचं आयुष्य वर्कशॉपपेक्षा जास्त ठरतं ते मशीन कोणत्या जमिनीवर उभी आहे, दिवसातून किती मीटर चालते, कशी वळते आणि शिफ्ट संपताना चिखल निघतो की नाही, यावर. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी भाग ओळखा

जमिनीला टेकतात ते शू. शू चार-चार बोल्टांनी लिंकवर बसतात. लिंका एकमेकींना पिन आणि बुशने जोडलेल्या असतात, पिन आत आणि तिच्यावर बुश. मागच्या टोकाला स्प्रॉकेट. त्याचे दात बुशला धरून चेन ओढतात आणि त्याच्या आत फायनल ड्राइव्ह, म्हणजे चेन फिरवणारा गिअरबॉक्स, असते. पुढच्या टोकाला गुळगुळीत चाक असतं तो आयडलर. फ्रेमच्या खाली मशीनचं वजन पेलणारे बॉटम रोलर, वर चेनीला आधार देणारे टॉप रोलर. आयडलरच्या मागे फ्रेमच्या पोटात ग्रीस सिलिंडर आणि जाड स्प्रिंग असते, ताण तिथून कमी-जास्त होतो. रोलर आणि आयडलरच्या आत तेल असतं. ते तेल दोन पॉलिश केलेल्या धातूच्या कड्या आणि दोन रबरी रिंगा मिळून अडवतात. याला फ्लोटिंग सील म्हणतात. हे सील गेलं की रोलर गेला, एवढंच सध्या पुरे.

पायरी १: मशीन उभी राहते ती जमीन

वर्धा खोऱ्यात कोळसा बाराकार थरात आहे. त्याच्यावर मोतूर थराची चिकणमाती, कामठी थराचा वाळूचा दगड, काही ठिकाणी बेसाल्ट आणि सगळ्यात वर काळी कन्हार जमीन. म्हणजे एकच मशीन एकाच खाणीत वरच्या बेंचवर (खाणीतल्या पायरीवर) चिखलात आणि खालच्या बेंचवर वाळूच्या दगडावर काम करते. दोन्हीकडे चेन झिजते, पण कारणं वेगळी.

कामठीच्या दगडात क्वार्ट्झ भरपूर. कठीणपणाच्या मोजपट्टीवर क्वार्ट्झ ७ वर येतं, चेनीचं कडक केलेलं पोलादही त्याच्यापुढे थोडं कमीच पडतं. कोरडी रेती त्यातल्या त्यात बरी, निम्मी गळून पडते. ओली झाली की ती लिंक आणि रोलरच्या मधे चिकटून बसते आणि जात्यासारखं दळत राहते. म्हणून वाळूच्या दगडाच्या बेंचवर पाणी साचू देणं हा चेनीचा सर्वांत मोठा तोटा. कोरपना-राजुऱ्याकडच्या चुनखडीच्या खाणीत गोष्ट उलटी असते. चुनखडीतलं कॅल्साइट ३ वर, त्यामुळे घासून झीज कमी, पण ब्लास्टनंतरचे धारदार गोटे शूखाली आले की शू वाकतो, बोल्ट तुटतो. बेसाल्टमध्येही हाच त्रास, आणि जास्त.

काळ्या कन्हार मातीचं वेगळंच. ती पाण्याने फुगते आणि स्प्रॉकेटच्या दातांच्या बुडाशी ठासून भरते. बुशला दातात पूर्ण बसायला जागा उरत नाही, तो वर चढून बसतो, चेन आतून ताणली जाते. ग्रीस कुणीच भरलेलं नसतं, तरी ताण कमालीचा वाढतो. ऑक्टोबरात हीच माती विटेसारखी वाळते आणि टॉप रोलर जाम करते. रोलर फिरत नाही, चेन त्याच्यावरून घासत जाते, आणि काही दिवसांत रोलरच्या एका बाजूला सपाट चट्टा पडतो. असा रोलर पुन्हा कधी नीट फिरत नाही, बदलावाच लागतो.

उभं राहण्याच्या जागेसाठी डोझरवाल्याकडून करून घ्यायच्या गोष्टी:

बकेटमधून सांडलेले गोटे दर थोड्या वेळाने डोझरने ओढून घ्यावेत. डोझर दुसरीकडे असेल तर ऑपरेटरने स्वतः बकेटने जागा साफ करावी, मात्र बकेट आडवी फिरवून झाडल्यासारखं करू नये. त्याने बूमवर (मशीनच्या मोठ्या हातावर) आणि स्विंगवर (केबिन फिरवणाऱ्या भागावर) आडवा जोर येतो.

जागा सपाट हवी. पाणी निघून जाईल इतकाच, साधारण १०० मीटरला २ मीटर, उतार द्यावा आणि तो फेसपासून बाहेर असावा.

मशीन दोन उंचवट्यांवर टेकून मधे पोकळी राहू देऊ नये. सगळं वजन दोन-चार रोलरांवर येतं. ११० टनांची मशीन घ्या. एका चेनीची जमिनीवरची लांबी ५ मीटर आणि शूची रुंदी ७० सेंटिमीटर धरली तर दोन्ही मिळून ७ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला जवळपास १६ टन. तीच मशीन टोकांवर टेकली की हा आकडा कुठच्या कुठे जातो.

याच हिशोबावरून रुंद शूचा मोह होतो. १ मीटरचे शू लावले तर भार ११ टनांवर येतो, चिखलात मशीन रुतत नाही. पण खडकावर रुंद शूच्या कडेखाली गोटा आला की तरफेसारखा जोर बसतो. शू वाकतो, बोल्ट सैल होतात, पिन-बुशवर पीळ येतो. जमीन जितकी रुंदी मागते तितकीच द्यावी, जास्त नाही. वर्षातले तीन-चार महिने चिखल आणि बाकी दगड असेल तर अरुंद शूच बरे. चिखलाच्या दिवसांत मशीनखाली मुरूम किंवा फुटलेला दगड टाकून घेणं स्वस्त पडतं.

पायरी २: चालवण्याची पद्धत

या वर्गातली मशीन ताशी दोन-अडीच किलोमीटरने चालते. चालणं बहुतेक वेळा ब्लास्टमुळे होतं. मशीन बाहेर काढा, ब्लास्ट झाला की परत आणा. जाऊन ३०० आणि येऊन ३०० मीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५ किलोमीटर. चेनीचा पूर्ण वेढा १२ मीटरचा धरला तर १,२५० फेऱ्या. प्रत्येक फेरीत प्रत्येक जोड चार वेळा वाकतो-सरळ होतो: आयडलरवर चढताना-उतरताना, स्प्रॉकेटवर चढताना-उतरताना. म्हणजे एका महिन्यात एका जोडाला ५,००० वाकणं, तेही एक टन माल न भरता.

मशीन किती लांब न्यायची हे खाणीचा मॅनेजर आणि ब्लास्टिंगवाले ठरवतात, त्यात काटछाट आपण करायची नाही. पण ब्लास्टचा क्रम लावताना ओव्हरमनला (शिफ्टच्या सुपरवायझरला) विचारता येतं: आजचा ब्लास्ट फेसच्या त्या टोकाला घेतला आणि मशीन या टोकाला असली तर? अशा एका प्रश्नाने चालण्याचं अंतर निम्म्यावर येतं. एका बेंचवरून दुसऱ्या बेंचवर रोज फिरवण्याऐवजी दोन-तीन दिवसांचा माल एकत्र मोकळा करून घेणंही तितकंच उपयोगी.

चालवताना पुढचं पाळा.

स्प्रॉकेट मागे ठेवून चाला. केबिन उलटी फिरलेली असली की लिव्हरची दिशाही उलटी होते, म्हणून लिव्हर ओढण्याआधी काचेतून खाली बघा, आयडलर कुठे आहे. स्प्रॉकेट मागे असताना पुढे जाताना ताण फक्त जमिनीवरून स्प्रॉकेटकडे चढणाऱ्या तुकड्यावर येतो. उलटं चाललं की स्प्रॉकेटपासून वरून, आयडलरला वळसा घालून, थेट जमिनीपर्यंत बहुतेक चेन ताणलेली राहते. शिवाय बुश दातावर बसल्या जागी भाराखाली फिरतो आणि बाहेरून झिजतो. थोडं मागे घेणं चालतंच, पण दोनशे मीटर उलटं नेण्यापेक्षा मशीन एकदा वळवून घ्यावी.

खणतानाही आयडलर फेसकडे आणि स्प्रॉकेट मागे. फेसवरून गोटा घसरला तर तो आयडलरवर पडलेला परवडतो. ट्रॅव्हल मोटर आणि तिचे पाइप त्या बाजूला असले की मशीन उभी राहिलीच म्हणून समजा.

जागेवर गर्रकन वळू नका. एक चेन पुढे, एक मागे असं फिरवलं की शू जमिनीत रुततात आणि लिंकच्या बाजू रोलरच्या कडांवर घासतात. थोडं वळा, १० ते १५ अंश, मग थोडं पुढे-मागे, परत थोडं. जागा मोठी असेल तर एक चेन मंद ठेवून लांब वळण घ्या. रोज एकाच बाजूला वळण येत असेल तर जाण्याची वाट बदलून बघा, नाही तर एकाच बाजूची चेन आधी संपते.

उतारावर सरळ चढा, सरळ उतरा. आडवं चाललं की खालच्या बाजूच्या चेनीवर वजन सरकतं आणि रोलरच्या कडा झिजतात.

लांब चाल असेल तर मधे थांबा. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर असतो, दगड तापलेला, त्यात रोलरच्या आतली घासण. फ्लोटिंग सीलच्या साध्या नायट्राइल रबराला १०० अंशांच्या आसपास त्रास सुरू होतो. रबर कडक होतं, तेल गळतं, मग रेती आत जाते. किती वेळ सलग चालायचं हे त्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघा. शक्य असेल तर लांब चाल पहाटे घ्या. इन्फ्रारेड गन असेल तर थांबल्यावर सगळ्या रोलरांचं तापमान घ्या. सगळे ६०-६५ वर आणि एकच ९० वर असेल तर त्याचं तेल गेलं आहे. गन नसेल तर हात लावून बघण्याच्या फंदात पडू नका, रोलरवर पाण्याचा शिंतोडा मारा. कोणत्यावरचं पाणी झटकन वाळतं ते कळतं.

चेनीचा कधीही हत्यार म्हणून वापर करू नका. शूने गोटा फोडणं, बकेट रोवून पुढची बाजू उचलून खणणं, चेन चालवून बकेट ढकलणं, हे सगळं काही ऑपरेटर ऐटीत करतात. मशीनची ताकद दिसते खरी, पण लिंकेला तडे याच कामातून जातात.

पायरी ३: शिफ्ट संपताना साफसफाई

हे काम हेल्परचं समजलं जातं आणि म्हणूनच होत नाही. शिफ्टच्या शेवटी १५-२० मिनिटं राखून ठेवा आणि माती ओली असतानाच काढा. दुसऱ्या दिवशी तीच माती सब्बलीनेही निघत नाही.

मशीन सपाट, कोरड्या जागी घ्या. अप्पर (केबिनसकट वरचा भाग) ९० अंशांवर फिरवा, बकेटचं बूड जमिनीवर टेकवून बूम खाली दाबा आणि एक चेन उचला. मॅन्युअलमध्ये याला परवानगी आहे का आणि बूम-आर्मचा कोन किती हवा ते आधी बघा. बहुतेकांत तो ९० ते ११० अंश असतो. चेन दोन्ही दिशांना फिरवा, बरीच माती तिथेच गळते. या वेळी चेनीजवळ कुणी नको. मग मशीन खाली घ्या, इंजिन बंद, चावी खिशात, लॉक आणि टॅग लावा आणि मग फावडं-सब्बल घ्या.

माती कुठून काढायची त्याचा क्रम: पहिले स्प्रॉकेटच्या दातांचं बूड, मग टॉप रोलरच्या खालची जागा, मग आयडलरच्या दोन्ही बाजू, शेवटी बॉटम रोलरच्या मधल्या फटी आणि गार्डच्या आतला भाग. फ्रेमवर चढलेली माती दिसते जास्त, नडते कमी.

या वेळी एक गोष्ट मुद्दाम शोधा: रोलरच्या शाफ्टला गुंडाळलेली तार. ब्लास्टनंतर फेसवर शॉक ट्यूबचे (डेटोनेटर पेटवणाऱ्या नळीचे) तुकडे पडलेले असतात. पिवळी-नारिंगी बारीक नळी, कुठे केबलचा तुकडा, कुठे बेल्टचा धागा. चेन त्या उचलते, रोलर आणि कॉलरच्या फटीत त्या घट्ट गुंडाळल्या जातात आणि हळूहळू सीलच्या कडीत शिरतात. बाहेरून रोलर चांगला दिसतो, आत सील कापलं जात असतं. जुना, जळलेला, दोन्ही टोकं मोकळी असलेला तुकडा कापून काढता येतो. नळीचं एक टोक मातीत गेलेलं असेल, तिला काही जड लागलंय असं वाटलं, तर ओढायचं नाही. लोकांना दूर करून मायनिंग सरदाराला किंवा ब्लास्टरला बोलवा. न फुटलेलं डेटोनेटर असण्याची शक्यता असते आणि तिथे फिटरचं काम संपतं.

उच्च दाबाच्या पाण्याने धुताना झोत थेट सीलच्या फटीवर मारू नका.

पायरी ४: रोज खाली बघणं

शिफ्ट घेताना मशीनभोवती एक फेरी. काय बघायचं:

रोलर आणि आयडलरच्या टोकाशी ओली, काळपट धूळ चिकटलेली आहे का. कोरड्या धुळीत एकच ओला चट्टा म्हणजे तेल गळती. फायनल ड्राइव्हच्या कव्हरखालीही तेच बघा.

शूचे बोल्ट. सैल बोल्टाभोवती गंजाची लाल भुकटी किंवा घासून चकाकलेला धातू दिसतो. एक बोल्ट गेला की शू हलतो, बाकी तिघांवर भार येतो, भोकं लांबट होतात आणि मग नवा बोल्टही थांबत नाही. म्हणून एकही बोल्ट गेलेला दिसला तर शिफ्ट संपायची वाट बघायची नाही.

पिनांची टोकं. सगळ्या सारख्या खोलीवर असाव्यात. एखादी बाहेर सरकली असेल तर तिच्यावर खडूने खूण करा आणि फोरमनला सांगा. हातोड्याने आत ठोकून काम भागत नाही, ती परत येते.

टॉप रोलर फिरतात का. चालताना केबिनमधून दिसत नाही, खाली उभ्या माणसाने सुरक्षित अंतरावरून बघावं.

पाण्यातून जायचं असेल तर साधारण मर्यादा टॉप रोलरच्या मध्यापर्यंत. त्याहून खोल पाण्यात स्विंगच्या भागापर्यंत पाणी पोहोचतं.

पायरी ५: चेनीचा ताण

नवख्यांची सगळ्यात महागडी चूक इथे होते. चेन लोंबलेली दिसली की ग्रीस मारून कडक करायची, हा सर्वसाधारण समज. थोडा झोळ हवाच. चेन कडक असली की प्रत्येक जोडात पिन बुशवर जोराने दाबली जाते, चालताना तेच घासतं. स्प्रॉकेट, आयडलरचे बेअरिंग, फायनल ड्राइव्ह, सगळ्यांवर भार वाढतो, डिझेलही जास्त जळतं. चेन फार सैल असली तर ती फटके मारते, दातावरून उडी घेते आणि वळताना उतरते. दोन्ही वाईट, पण कडक चेनीचा त्रास दिसत नाही म्हणून तो महिनोन्‌महिने चालतो.

ताण मोजायची जागा म्हणजे मशीन जिथे काम करते ती जागा. वर्कशॉपच्या काँक्रीटवर स्वच्छ धुऊन ताण लावला आणि मग चिखलात नेली, तर माती भरून चेन कडक होणारच. चिखलाच्या दिवसांत मॅन्युअलने दिलेल्या मापाच्या सैल टोकाकडे ठेवा.

मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत चेन उचलून फ्रेमच्या खालच्या कडेपासून शूच्या वरच्या पृष्ठापर्यंतचं अंतर मधोमध घेतात. दुसरीत मशीन जमिनीवरच असते:

१. सपाट जागी मशीन स्वतःच्या चेनीच्या लांबीइतकी पुढे न्या आणि हळू थांबवा. झटक्याने थांबवलं तर झोळ एका बाजूला जातो आणि माप चुकतं.

२. आयडलर ते टॉप रोलर एक सरळ पट्टी शूंवर ठेवा. लाकडी रूळ नको, चौकोनी पाइप चांगला.

३. पट्टी आणि शूची कडा यांच्यातलं सर्वांत मोठं अंतर मोजा. २० टनांच्या मशीनला हे १० ते ३० मिलिमीटर असतं. मोठ्या मशीनचं माप आणि मोजायची जागा वेगळी, तो आकडा मॅन्युअलमधून घेऊन ट्रॅक फ्रेमवर रंगाने लिहून ठेवा. कुणाला विचारावं लागू नये.

४. दोन्ही बाजू मोजा. दोन्हींत फरक असेल तर मशीन एका बाजूला ओढते.

कडक करायला ग्रीस गनने निपलमधून ग्रीस भरा, मशीन पुढे-मागे करा, परत मोजा. सैल करायला व्हॉल्व्हचा प्लग हळूहळू सोडा, एका आट्यापेक्षा जास्त कधीच नाही. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, प्लग उडाला तर गोळीसारखा येतो आणि ग्रीसची धार कातडीत शिरते. तोंड, हात, पाय प्लगच्या समोर नकोत, बाजूला उभं राहून पाना लावा. ग्रीस बाहेर येत नसेल तर प्लग आणखी सोडायचा नाही, मशीन जरा पुढे-मागे हलवायची. कातडीत ग्रीस शिरलं तर जखम बारीक टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही. तरी तासाभराच्या आत दवाखान्यात न्या आणि "हाय प्रेशर ग्रीस आत गेलंय" हे डॉक्टरला स्पष्ट सांगा.

ग्रीस भरूनही चेन कडक होत नसेल तर एक तर सिलिंडरचं सील गेलंय, किंवा आयडलर पुढच्या टोकाला पोहोचलाय. आयडलर टोकाला पोहोचला म्हणजे पिन-बुश आतून झिजून चेन लांब झाली आहे. इथे एक लिंक काढून चेन आखूड करण्याचा जुगाड होतो. लांबी कमी होते, पण प्रत्येक लिंकेचं अंतर वाढलेलंच राहतं, ते दाताशी जुळत नाही आणि स्प्रॉकेट खाल्लं जातं. नवी चेन येईपर्यंत दोन-चार दिवस ढकलायचे असतील तर ठीक, याला दुरुस्ती म्हणू नये. स्प्रिंगचं घर मात्र कुणीही उघडायचं नाही. तिच्यात अनेक टनांचा दाब कोंडलेला असतो, ते काम योग्य प्रेस असलेल्या वर्कशॉपचं.

पायरी ६: महिन्यातून एकदा मोजमाप

दर २५० किंवा ५०० तासांनी मोजा आणि वहीत लिहा: तारीख, तास, डावी-उजवी बाजू. लिंकेची उंची, बुशचा बाहेरचा व्यास, शूच्या दात्याची उंची, रोलरचा व्यास, आयडलरच्या कडेची खोली आणि पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर), एवढी मापं पुरेत.

पिच मोजताना चेन ताणलेली हवी. स्प्रॉकेटच्या दाताशी जुनी पिन अडकवून मशीन किंचित उलटी घेतली की वरची चेन ताणली जाते. इंजिन बंद केल्यावरच हात जवळ न्या. एका पिनच्या कडेपासून चौथ्या जोडाच्या पिनच्या त्याच कडेपर्यंत मोजा. मास्टर पिन (चेनीची दोन टोकं जोडणारी) त्यात येऊ देऊ नका, तिची झीज वेगळी असते. समजा नव्या चेनीचं चार जोडांचं अंतर १,०४० मिलिमीटर आहे, बदलायची मर्यादा १,०५६ आणि आज भरलं १,०५०. झीज १० भागिले १६, म्हणजे ६२.५ टक्के. हे आकडे समजण्यापुरते आहेत, खरे आपल्या मशीनच्या पुस्तकातून घ्या.

या टक्क्यांवर सरळ गुणाकार करून बसू नका. बुश, लिंक, रोलर यांचा फक्त वरचा थर कडक केलेला असतो. तो संपला की आतलं पोलाद नरम असतं आणि झिजण्याचा वेग एकदम वाढतो. ५० टक्क्यांना ४,००० तास लागले तर उरलेल्या ५० ला तितकेच लागतील, असं धरून पार्टची ऑर्डर लांबवली की फसतो.

आकड्यांबरोबर झिजण्याची बाजूही लिहा. स्प्रॉकेटच्या दाताची एकच बाजू खाल्ली गेली असेल तर मशीन कोणत्या दिशेने जास्त चालते ते कळतं. ऑपरेटरला विचारावंही लागत नाही. लिंकेच्या आतल्या बाजूला चकाकी म्हणजे आडवा उतार किंवा जागेवरची वळणं. फक्त एका बाजूच्या चेनीत झीज जास्त असेल तर रोजच्या वाटेवरची वळणं मोजा. दात टोकदार आणि आकड्यासारखे वळले असतील तर चेनीचा पिच आणि स्प्रॉकेट जुळत नाहीत.

पार्ट बदलताना

साध्या चेनीत बुश एका बाजूने झिजतात, तेव्हा पिन-बुश काढून अर्धा फेरा फिरवून परत दाबून बसवता येतात आणि नवी बाजू कामाला लागते. हे बुशचा कडक थर फुटण्याआधी करायचं. उशीर झाला की फिरवण्यात अर्थ नाही, प्रेसवर काढतानाच बुश तडकतात.

जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवणं म्हणजे नवी चेन फुकट घालवणं. दोन्ही बरोबरच बदला. बॉटम रोलर मात्र एकेक बदलता येतात. टोकाकडचे आधी झिजतात, मधल्यांशी त्यांची अदलाबदल केली तर सगळा संच थोडा जास्त ओढतो. दुहेरी कडेचे आणि एकेरी कडेचे रोलर कोणत्या जागी होते ते काढण्याआधी फोटो काढून ठेवा.

शू बसवताना लिंक आणि शूच्या टेकण्याच्या जागा वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करा. मधे मातीचा किंवा रंगाचा थर राहिला तर तो चुरून बोल्ट सैल होतो. बोल्ट आणि नट नवे घ्या. आधी मॅन्युअलमधला टॉर्क, मग त्यात दिलेले अंश फिरवणं, समोरासमोरच्या क्रमाने. इम्पॅक्ट गनने नुसतं कडकड वाजेपर्यंत आवळणं म्हणजे टॉर्क नाही, शेवटची तपासणी टॉर्क रेंचनेच. नव्या शूचे बोल्ट पहिल्या ५० ते १०० तासांत पुन्हा तपासा. पिन ठोकताना डोळ्याला चष्मा हवाच. कडक पोलादावर कडक हातोडा बसला की कपच्या उडतात, म्हणून मधे पितळी किंवा नरम धातूचा तुकडा धरा.

ओतीव शू असलेल्या मशीन

साधारण २०० टनांच्या पुढच्या बऱ्याच शॉव्हेलमध्ये लिंक आणि शू वेगळे नसतात. मँगनीज पोलादाचा एकच ओतीव शू असतो, पिनने जोडलेला. या पोलादाचा शोध रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये लावला, त्यात सुमारे १२ ते १४ टक्के मँगनीज असतं. भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गला निघतं तेच मँगनीज.

हे पोलाद दणका बसला की वरून कडक होतं, नवं असताना तुलनेने नरम. म्हणून पहिल्या काही शे तासांत रोलरच्या मार्गावर धातू दबून कडेला पसरतो आणि पिनच्या फटीत सरकतो. जोड जाम वाटू लागले तर ही वाढलेली कडा ग्राइंडरने काढावी लागते, नाही तर तिथून तडा जातो. आणि बारीक रेतीत, जिथे घासणं आहे पण दणका नाही, तिथे हे पोलाद कडक होतच नाही, ते साध्यासारखं झिजतं. वाळूच्या दगडाच्या बेंचवर ओतीव शूकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

पावसात मशीन उभी ठेवायची असेल

जुलै-ऑगस्टमध्ये खालचे बेंच पाण्याखाली जातात आणि काही मशीन आठवडे-महिने उभ्या राहतात. त्याआधी चेन पूर्ण साफ करा, ताण मॅन्युअलच्या सैल मापावर आणा आणि मशीन उंच, निचऱ्याच्या जागी, मुरमाच्या किंवा जाड लाकडी स्लीपरच्या थरावर घ्या. काळ्या मातीवर उभी केली तर दोन पावसांत शू बुडतात आणि बाहेर काढताना जो जोर लागतो त्याने पिन वाकतात. फायनल ड्राइव्हच्या तेलाची पातळी बघा. प्लगच्या चुंबकावर धातूचे कण किंवा तेलात दुधाळपणा दिसला तर ते तेल तसंच ठेवून मशीन उभी करू नका.

उभी असताना दर आठ-दहा दिवसांनी मशीन दोन-तीन मीटर पुढे, तितकीच मागे घ्या. सीलच्या कड्यांवर तेलाची पापुद्री टिकते आणि रोलर एकाच जागी गंजत नाही. पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी सरळ फेसवर न नेता २०-३० मीटर चालवून थांबा, प्रत्येक रोलरच्या टोकाला ताजं तेल आलंय का बघा, फायनल ड्राइव्हचा प्लग सोडून पाणी आहे का ते तपासा आणि मगच कामाला लावा.